भूक सगळीकडे होती, मग क्रांती फ्रान्समध्येच का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो विचारतो, "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं म्हणून पुस्तकात राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि वैचारिक असे चार मुद्दे असतात. ते पाठ होतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कळत नाही. विषमता तर तेव्हा सगळ्या जगात होती, आपल्याकडे तर जातीसकट होती. मग उठाव तिथेच का झाला? आणि रूसो-व्हॉल्तेअरसारखे विचारवंत वाचून लोक खरंच रस्त्यावर उतरले का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मी स्वतः तिथेच अडलो होतो. एकतीस वर्षं मी महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवला. परीक्षेचे पेपर तपासताना दर वर्षी एक वाक्य हमखास भेटायचं: 'रूसोच्या क्रांतिकारक विचारांमुळे फ्रेंच जनता पेटून उठली.' एका उन्हाळ्यात गठ्ठा उपसता उपसता मनात आलं, ही जनता म्हणजे नेमकी कोण? क्रांतीच्या आधीच्या काळात लग्नाच्या नोंदवहीत स्वतःची सही करू शकणारे पुरुष फ्रान्समध्ये जेमतेम निम्मे होते, आणि बायका पाव हिस्सा. त्यातही सही करता येणं म्हणजे रूसो वाचता येणं नव्हे. जो शेतकरी पेटून उठला त्याने रूसोचा सामाजिक कराराचा सिद्धान्त, म्हणजे राज्यसत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते हा विचार, वाचलेला नव्हता, आणि ज्यांनी तो वाचला होता त्यांतल्या बहुतेकांच्या घरी दोन्ही वेळा नीट शिजत होतं. ते वाक्य मुलांना मीच शिकवलेलं, त्यामुळे मार्क कापायचीही सोय नव्हती.

आधी विषमता कशी होती ते पाहू. फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ८० लाख. कायद्याने समाजाचे तीन वर्ग केलेले होते: पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा, आणि उरलेले सगळे तिसऱ्यात. पहिले दोन मिळून लोकसंख्येच्या दोन टक्केही भरत नव्हते. इथे विद्यार्थ्यांची एक चूक होते. 'तिसरा वर्ग' म्हटलं की ते फाटक्या कपड्यांतली जनता डोळ्यांसमोर आणतात. बोर्दोचा जहाजमालक, पॅरिसचा पेढीवाला, आरासचा वकील, गावचा चांभार आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, हे सगळे तिसऱ्याच वर्गातले. उलट खेड्यात पडक्या वाड्यात राहणारा, कर्जात बुडालेला एखादा उमराव दुसऱ्या वर्गात. ही रेघ पैशाने आखलेली नव्हती, जन्माने आणि कायद्याने आखलेली होती. मराठी वाचकाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत.

शेतकऱ्याच्या डोक्यावर काय काय होतं? राजाचा 'ताय' नावाचा कर, जो उमराव आणि धर्मगुरू सहसा भरतच नसत. चर्चला पिकातला हिस्सा. मिठावरचा 'गाबेल' कर. जिथे तो सर्वांत कडक होता तिथे घरातल्या आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेलं मीठ सरकारी कोठारातून विकत घ्यावंच लागे, मग ते लागो न लागो. राजरस्त्यांसाठी वेठ. त्याखेरीज गावच्या सरंजामदाराचे हक्क वेगळे: दळण त्याच्याच गिरणीत, पाव त्याच्याच भट्टीत, द्राक्षांचा रस त्याच्याच घाण्यावर, आणि दर ठिकाणी त्याचा वाटा. शिकारीचा हक्क फक्त त्याला. त्याच्या खुराड्यातली कबुतरं नुकतं पेरलेलं बी टिपून नेणार आणि शेतकऱ्याने नुसतं बघत राहायचं. ही कबुतरं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

१२ जुलै १७८९ रोजी, म्हणजे पॅरिसमधला बास्तीलचा तुरुंग-किल्ला पडला त्याच्या दोनच दिवस आधी, आर्थर यंग नावाचा एक इंग्रज शेतीचा जाणकार पूर्व फ्रान्समधून चालला होता. घोडीला जरा उसंत मिळावी म्हणून तो चढ पायी चढत असताना एक गरीब बाई त्याच्याबरोबर चालू लागली. कंबरेत वाकलेली, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. त्याला ती साठ-सत्तरीची वाटली. तिने वय सांगितलं अठ्ठावीस. नवऱ्याचा जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडं घोडं, सात मुलं. आणि त्यातून एका सरंजामदाराला इतके गहू नि तीन कोंबड्या, दुसऱ्याला इतके ओट, एक कोंबडी आणि वर रोख. पुढे ती जे म्हणाली ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्यासारख्या गरिबांसाठी कोणी मोठी माणसं काहीतरी करणार आहेत असं ऐकलंय, असं ती म्हणाली. कोण करणार आणि कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

तुमच्या पुस्तकातलं 'वैचारिक कारण' त्या चढावरच्या बाईपर्यंत या रूपात पोचलं होतं. पुस्तक नाही, लेखकाचं नाव नाही, नुसती कुणकुण. पण 'हे बदलू शकतं' एवढं त्या कुणकुणीत होतं. आता ती कुणकुण तिथवर कशी आली, हा खरा इतिहास.

विषमता हेच कारण असतं तर क्रांती पोलंडमध्ये किंवा प्रशियात व्हायला हवी होती. तिथला शेतकरी अजून जमिनीला बांधलेला होता, धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता. फ्रान्समधला बहुतांश शेतकरी कायद्याने मोकळा होता आणि अनेकांच्या नावावर थोडीफार जमीन होती. तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताने पुढे १८५६ मध्ये हेच बोट ठेवून दाखवलं: जिथे सरंजामी जाच तुलनेने हलका होता तिथेच तो असह्य झाला. कारणही त्याने दिलंय. पूर्वी सरंजामदार गावाचा न्याय करी, संरक्षण करी, दुष्काळात काही पाहत असे. अठराव्या शतकापर्यंत ही कामं राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. मोठे सरंजामदार व्हर्सायला, राजाच्या दरबारी, किंवा पॅरिसला राहू लागले. कोंबड्या मात्र गावाहून जातच राहिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर वतनाचं काम गेलं आणि वतनाचा हक्क राहिला. त्यात भर म्हणून अनेक जमीनदारांनी जुन्या दप्तरांचे जाणकार नेमून विसरलेले हक्क शोधून काढले आणि वसुली घट्ट केली. आजोबाने कधी न दिलेली पट्टी नातवाला भरावी लागली, कारण कुठल्याशा जुन्या चोपडीत ती सापडली होती. शेतकऱ्याचा राग त्या चोपडीवर बसला.

वरच्या पायरीवर वेगळीच जखम होती. तिसऱ्या वर्गातली पैसेवाली, शिकलेली माणसं उमरावांच्या अगदी जवळ पोचली होती. तेच कपडे, तीच नाटकं, तीच पुस्तकं. पैसे मोजून सरकारी पद विकत घेता येई आणि काही पदांबरोबर उमरावकीही मिळे. म्हणजे दार बंद नव्हतं, किलकिलं होतं. मग १७८१ मध्ये हुकूम निघाला की बहुतेक पलटणींत थेट अधिकारी व्हायचं तर चार पिढ्यांची उमरावकी सिद्ध करा. पैशाने चढलेल्यांची मुलं खाली राहिली. ग्रेनोब्लचा वकील बार्नाव्ह पुढे क्रांतीतला मोठा वक्ता झाला. त्याच्या लहानपणाची गोष्ट सांगतात, की नाटकगृहात त्याच्या आईला एका बड्याच्या मर्जीतल्या माणसासाठी जागेवरून उठवलं गेलं. बाई काही उपाशी नव्हती. पण हा अपमान त्या मुलाने उपाशी माणसाच्या भुकेसारखाच जपला.

म्हणजे दोन राग होते, एक पोटाचा आणि एक मानाचा. ते कित्येक पिढ्या शेजारी शेजारी राहिले आणि एकमेकांना ओळखतही नव्हते. वकिलाला शेतकरी अडाणी वाटे, शेतकऱ्याला वकील लुच्चा. क्रांती समजून घ्यायची म्हणजे हे दोन राग एका वाक्यात कसे आले ते समजून घ्यायचं. ते वाक्य नव्या विचारांनी पुरवलं. मात्र ते पुरवणारे हात कोणाचे होते, हे पाहिलं की गंमत वाटते.

नव्या विचारांच्या लेखकांना एकत्र आणणारा दिदेरोचा विश्वकोश १७५१ ते १७७२ या काळात निघाला, एकंदर २८ खंड. तो घेणं सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचं होतं. वर्गणीदारांत वकील, सरकारी अधिकारी, धर्मगुरू आणि खुद्द उमराव होते. व्हॉल्तेअर आणि रूसो दोघेही १७७८ मध्येच वारले, आणि दोघांपैकी कोणी बॅरिकेड उभारा असं सांगून गेलं नव्हतं. व्हॉल्तेअरला तर सुधारणा करणारा शहाणा राजाच हवा होता. त्यांच्या पुस्तकांनी काय केलं? काही शब्दांचे अर्थ हलवले. 'विशेषाधिकार' हा शब्द पूर्वी अभिमानाने उच्चारला जाई. तो हळूहळू शिवीसारखा झाला. 'प्रजा' होती तिथे 'नागरिक' आला. 'राज्य' राजाचं होतं, ते 'राष्ट्र' झालं आणि राजा त्याचा नोकर ठरण्याची शक्यता निर्माण झाली.

पण हे शब्द रस्त्यावर आणले कोणी? पहिलं उत्तर: उमराव न्यायाधीशांनी. 'पार्लमां' नावाची वरिष्ठ न्यायालयं राजाचे हुकूम नोंदवून घेत असत. नवे कर टाळण्यासाठी या न्यायाधीशांनी कित्येक दशकं राजाला निषेधपत्रं लिहिली, ती छापून वाटली, आणि त्यांत 'राष्ट्राचे हक्क', 'जुलूम', 'संमती' हे शब्द मुक्तपणे वापरले. हेतू स्वतःच्या सवलती वाचवायचा होता, पण ऐकणाऱ्यांनी शब्द उचलले आणि हेतू तिथेच सोडून दिला. दुसरं उत्तर: राजाच्याच मंत्र्यांनी. १७७६ मध्ये अर्थमंत्री तुर्गोने रस्त्यांची वेठ रद्द करणारा राजाचा हुकूम काढला. त्याच्या प्रस्तावनेत सरळ म्हटलं होतं की रस्त्यांचा फायदा जमीनमालकांना आणि भार गरिबांवर, हा अन्याय आहे. त्याच वर्षी तुर्गोला घालवलं आणि वेठ परत आणली. आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा. कालपर्यंत जे नशिबाचे भोग होते, त्याला राजानेच अन्याय म्हटलं, आणि मग तोच अन्याय पुन्हा चालू केला. एवढं परिणामकारक पत्रक कुठल्या क्रांतिकारकालाही लिहिता आलं नसतं.

तिसरा रस्ता अमेरिकेचा. इंग्लंडचा सूड म्हणून फ्रान्सने अमेरिकन वसाहतींच्या लढ्याला पैसा आणि फौज दिली. लाफायेतसारखे तरुण उमराव तिकडून लढून परत आले ते 'राजाशिवाय देश चालतो' हे डोळ्यांनी पाहून. आणि या युद्धाने फ्रेंच खजिन्याचं कंबरडं मोडलं. विचार आणि दिवाळं एकाच जहाजातून उतरले म्हणा ना. तुमचे 'आर्थिक' आणि 'वैचारिक' हे दोन वेगळे मुद्दे इथे एकच आहेत.

दिवाळखोरीचा आकडा पाहा. १७८८ च्या अंदाजपत्रकात खर्चाचा साधारण निम्मा भाग कर्जाच्या व्याजात जात होता. राणीचे दागिने, व्हर्सायची मेजवानी वगैरे जे आपण रंगवून सांगतो, तो दरबारखर्च सहा टक्क्यांच्या आसपास होता. देश श्रीमंत होता आणि सरकार कंगाल, कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना कर लावता येत नव्हता. १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोनने निवडक बड्या लोकांची सभा बोलावून सगळ्यांवर सारखा जमीन-कर सुचवला. त्यांनी मोडता घातला. राजसत्तेविरुद्धचं पहिलं बंड असं वरच्यांनी केलं, हे उत्तरपत्रिकेत क्वचितच दिसतं.

ऑगस्ट १७८८ चा एक प्रसंग मला फार आवडतो. टिपू सुलतानाचे वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला व्हर्सायला गेले होते. १० ऑगस्टला राजा लुई सोळाव्याने त्यांना मोठ्या थाटात भेट दिली. १६ ऑगस्टला सरकारी खजिन्याने देणी थांबवली. म्हैसूरच्या पाहुण्यांना त्या झगमगाटात कल्पना असेल का, की यजमानाची पेटी रिकामी आहे?

याच महिन्यात राजाने कबूल केलं की तिन्ही वर्गांची प्रतिनिधिसभा, एस्टेट्स जनरल, बोलवावी लागेल. ती याआधी १६१४ मध्ये भरली होती. आणि आता ती वेळ आली जेव्हा दोन राग एकत्र आले. २५ सप्टेंबर १७८८ रोजी पॅरिसच्या पार्लमांने सांगितलं, सभा १६१४ च्या पद्धतीनेच भरेल. म्हणजे प्रत्येक वर्गाला एक मत. दोन टक्क्यांची दोन मतं, अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं एक. काल ज्या न्यायाधीशांच्या नावाने जयजयकार चालला होता ते एका निर्णयात नकोसे झाले. वकील, डॉक्टर, व्यापारी यांना आजवर वाटत होतं की आपण आणि उदार उमराव मिळून राजाला वठणीवर आणू. आता कळलं की 'आपण' मध्ये आपण नाही. जानेवारी १७८९ मध्ये आबे सिएसचं पत्रक आलं. त्याने तीन प्रश्न विचारले: तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्व काही. आजवर राज्यव्यवस्थेत तो काय होता? काहीच नाही. त्याला काय हवंय? काहीतरी व्हायचंय. गंमत अशी, की हा लेखक स्वतः पहिल्या वर्गातला, धर्मगुरू. पण त्याच्या 'सर्व काही' या दोन शब्दांत जहाजमालक आणि चांभार पहिल्यांदा शेजारी बसले.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. सभेच्या निवडणुकीबरोबर राजाने गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहायला सांगितल्या. राज्याच्या टोकाकोपऱ्यातल्या, कोणाला नावही ठाऊक नसलेल्या वस्तीचं गाऱ्हाणंदेखील आपल्यापर्यंत पोचावं अशी राजाची इच्छा आहे, असं त्या आदेशात म्हटलं होतं. पंचवीस वर्षांवरचा, करपट्टीत नाव असलेला पुरुष गावाच्या सभेला येऊ शकत होता. १७८९ च्या वसंतात, भाकरीची ओरड चालू असताना, देशभरच्या गावांत लोक बहुधा चर्चमध्येच जमले आणि आपलं दुःख मोठ्याने बोलून लिहून घेऊ लागले.

कल्पना करा. एक म्हणतो, कबुतरं. दुसरा म्हणतो, मीठ. तिसरा, गिरणीवाला मापात मारतो. लिहिणारा असतो गावचा दस्तलेखक नाहीतर तालुक्याचा वकील. त्याच्या खिशात शहरातून आलेला वहीचा नमुना आहे. तो कबुतरांची तक्रार लिहितो आणि तिच्यावर एक ओळ चढवतो: कर सर्वांना सारखे असावेत, राष्ट्राच्या संमतीशिवाय कर नसावा. शेतकरी मान डोलावतो. कबुतर आणि राष्ट्र एका कागदावर येतात. आरास शहरात चांभारांच्या संघाची वही लिहून देणारा तिशीतला वकील होता माक्सिमिलियँ रॉब्सपिअर, पुढे क्रांतीचा बडा नेता झालेला. रूसोचा निस्सीम भक्त. रूसो चांभारापर्यंत पोचला तो असा, तक्रार लिहून देणाऱ्याच्या लेखणीतून.

या वह्यांत क्रांतीची मागणी जवळजवळ कुठेच नाही. राजाबद्दल प्रेम आहे, त्याला आमचं दुःख कळलं की तो दूर करील असा भरवसा आहे. म्हणूनच पुढची निराशा इतकी खोल गेली. सरकारने लोकांना विचारलं, तुम्हाला काय होतंय? लोकांनी सांगितलं. सांगून झाल्यावर माणूस पूर्वीसारखा गप्प राहू शकत नाही. शेजारच्या गावानेही तेच लिहिलंय हे कळल्यावर तर नाहीच.

५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये सभा भरली. तिसऱ्या वर्गाच्या सुमारे सहाशे प्रतिनिधींत निम्म्याहून जास्त वकील आणि लहानमोठ्या सरकारी पदांवरचे होते. शेतात राबणारे जवळजवळ नाहीत. मतं वर्गागणिक की डोकी मोजून, यावर सहा आठवडे घोळ. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला 'राष्ट्रीय सभा' जाहीर केलं, २० जूनला टेनिसच्या मैदानावर, राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही, अशी शपथ झाली. हे सगळं तुम्हाला येतं, म्हणून थांबत नाही.

पण ही शपथ घेणाऱ्या वकिलांकडे एकही बंदूक नव्हती. राजा सैन्य जमवत होता. त्यांना वाचवलं पावाने. जुलै १७८८ मध्ये पॅरिसच्या आसपास भयंकर गारपीट होऊन पीक झोपलं होतं, त्यानंतरचा हिवाळा कडाक्याचा गेला. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला (सू हे तिथलं लहान नाणं) मिळे, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. घरात चार तोंडं असली तर एक पाव दिवसभरही पुरत नसे. आधीही महागाई झाली होती. १७७५ मध्ये पिठावरून दंगे झाले, सैन्याने मोडून काढले, संपले. तेव्हा लोकांना पाव हवा होता. आता पाव का नाही याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: धान्य दाबून ठेवणारे आणि राष्ट्रीय सभा मोडू पाहणारे एकच आहेत. हे उत्तर बऱ्याच अंशी चुकीचं होतं, गारांना कोणी कट करून पाडलं नव्हतं. पण विचार खरा असल्याशिवाय काम करत नाही असं थोडंच आहे.

११ जुलैला लोकप्रिय मंत्री नेकरला काढलं. १४ ला सकाळी जमावाने एका लष्करी कोठीतून बंदुका उचलल्या आणि दारूगोळ्यासाठी बास्तीलकडे वळला. तुरुंगात तेव्हा एकंदर सात कैदी होते: चार खोटे दस्तऐवज करणारे, दोन वेडे आणि घरच्यांच्याच विनंतीवरून कोंडलेला एक उमराव. किल्ला पडला तो राजाच्याच पॅरिसमधल्या पलटणीतले शिपाई तोफा घेऊन जमावाच्या बाजूला आले म्हणून. शिपाईही त्याच भावाने पाव विकत घेत होते. विषमता आणि विचार दोन्ही असूनही क्रांती होते की दंगल, हे बहुधा अशा क्षणी ठरतं: हुकूम सुटतो आणि बंदूक उचलणारा हात उचलत नाही.

खेड्यांत मग भीतीची लाट पसरली. उमरावांनी दरोडेखोर पाठवलेत, उभं पीक जाळणार आहेत, अशी अफवा. लोक कोयते-काठ्या घेऊन जमले, दरोडेखोर आलेच नाहीत, आणि जमलेले लोक वाड्यांकडे वळले. अनेक ठिकाणी वाडा लुटण्याआधी त्यांनी काय मागितलं? दप्तर. हक्कांच्या त्या जुन्या चोपड्या अंगणात आणून जाळल्या. ४ ऑगस्टच्या रात्री घाबरलेल्या राष्ट्रीय सभेत उमरावांनीच उठून उठून आपले हक्क सोडले, आणि सभेने सरंजामशाही संपूर्ण रद्द केल्याचं जाहीर केलं. त्या ठरावांत कबुतरखान्यांचा हक्क रद्द करणारं स्वतंत्र कलम आहे. (जमिनीवरची बरीचशी देणी मात्र शेतकऱ्याने रक्कम भरून सोडवून घ्यायची होती; ती विनामोबदला बुडाली ती थेट जुलै १७९३ मध्ये.)

आता तुमचं 'आपल्याकडे का नाही'. कागद आपल्याकडेही जळले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि चोपड्या जाळल्या. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. राग तोच आणि कृतीही तीच. पण इंग्रज सरकारचा खजिना शाबूत होता, शिपाई हुकूम पाळत होते, आणि शहरातल्या शिकलेल्यांच्या तक्रारी आणि कुणब्याच्या तक्रारी एका वहीत आलेल्या नव्हत्या. सरकारने बंदोबस्त केला, चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. माझ्या मते ही तुलना चार रकान्यांपेक्षा जास्त शिकवते. फ्रान्समध्ये सरकारच मोडकळीला आलं होतं आणि मदतीसाठी त्यानेच लोकांना हाक मारली होती. इथे तसं काही नव्हतं.

जातीचा मुद्दाही तुम्ही काढलात. त्याला उत्तर देणारा विचार इथे आला, पण राजवाड्यावर चाल करून नव्हे, शाळेच्या दाराने आला. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू मांडायला टॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं. ते पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं, आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात बजावलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत. निबंधात हा संदर्भ उलटा लिहून मार्क घालवणारे दर वर्षी भेटतात.

एक गोष्ट अजून, कारण विचार एकदा सुटले की मालकाचं ऐकत नाहीत. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं २६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्यांनी १७९१ च्या राज्यघटनेत तीन दिवसांच्या मजुरीएवढा थेट कर न भरणाऱ्यांना मत नाकारलं. बायकांना तर नाकारलंच. त्याच वर्षी ओलँप द गूजने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. आणि कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, जिथे सुमारे पाच लाख गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते, ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव झाला. पॅरिसने गुलामगिरी रद्द केली ती त्यानंतर, फेब्रुवारी १७९४ मध्ये. नेपोलियनने ती परत आणायचा घाट घातला, तेव्हा त्या लोकांनी त्याच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी ती वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. 'समान' या शब्दाचा पॅरिसमध्ये ठरवलेला अर्थ त्यांनी मानला नाही, शब्दाचा जो अर्थ होतो तो घेतला.

उत्तर लिहायला बसाल तेव्हा चार रकाने आखू नका. सुरुवात सप्टेंबर १७८८ च्या त्या निर्णयापासून करा, तिथून मागे जाऊन दोन राग सांगा, पुढे येऊन वह्या, पाव आणि शिपाई. सातशे शब्दांत बसतं, मी बसवून पाहिलंय. आणि 'पाव मिळत नसेल तर केक खा' हे वाक्य मारी आंत्वानेतच्या तोंडी घालू नका. ते रूसोच्या आत्मचरित्रात एका निनावी राजकन्येच्या नावावर येतं, आणि तो मजकूर लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत फ्रान्सची राणी झालेलीच नव्हती.